हार्ट अटॅकनंतर मेलेला स्नायू ‘हृदयाच्या मूळ पेशीं’नी परत येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाबा ६१ वर्षांचे, दीड महिन्यापूर्वी मोठा अटॅक आला, एलएडी नावाची हृदयाची नळी पूर्ण बंद होती, गावाकडून हॉस्पिटलला पोचेपर्यंत नऊ तास गेले, स्टेंट टाकला पण एकोमधे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ ३० टक्केच आला (दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा म्हणजे ईएफ). आता एका सेंटरवाल्यांनी सांगितलंय की कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढतो, त्यातून हृदयाच्या मूळ पेशी तयार करतो, त्या सोडल्या की मेलेला स्नायू परत येतो, खर्च साडेतीन लाख. आणि भाऊ द्राक्षबागेतला एकर विकायला निघालाय. करावं का?

करू नका. भावाला आजच फोन करा आणि जमिनीचा व्यवहार थांबवा, कारण तुम्हाला जे सांगितलं गेलंय ते २००१ सालचं विज्ञान आहे आणि ते त्यानंतरच्या वीस वर्षांत तपासून तपासून खोटं ठरलंय. मी गेली बरीच वर्षं हार्ट फेल्युअरचेच पेशंट बघतोय आणि हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नुकसान किती झालंय ते समजून घ्या. डाव्या कप्प्यात आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी साधारण दोन ते चार अब्ज असतात. मोठ्या अटॅकमधे त्यातल्या एक अब्जापर्यंत, म्हणजे शंभर कोटी पेशी काही तासांत मरतात, म्हणून तर आम्ही वेळेसाठी एवढा जीव टाकतो. त्या जागी नंतर व्रण तयार होतो, कडक, पांढरट, अजिबात न आकुंचन पावणारा. लिव्हरचा तुकडा कापला तर ते परत वाढतं, कातडीची जखम भरते, हृदय मात्र फक्त ठिगळ लावतं. ते ठिगळही गरजेचंच असतं, नसतं तर भिंत फाटली असती, पण ते पंपिंग करत नाही. मग उरलेल्या स्नायूवर ताण येतो, कप्पा हळूहळू ताणून मोठा होतो आणि ईएफ खाली येतो.

आता या ‘मूळ पेशीं’कडे येऊ. स्टेम सेल म्हणजे जिचं अजून काहीच ठरलेलं नाही अशी पेशी. प्रोजेनिटर म्हणजे जिची लाईन ठरलीय पण काम अजून सुरू झालेलं नाही. दहावी झालेलं पोर काहीही होऊ शकतं, पण आयटीआयला फिटरला ॲडमिशन घेतलेलं पोर फिटरच होणार, तसं. आईच्या पोटात हृदय बनतं तेव्हा अशा प्रोजेनिटर पेशी खरोखर असतात, त्यांच्या दोन तुकड्या असतात, एकीतून मुख्यतः डावा कप्पा घडतो, दुसरीतून उजवा कप्पा आणि बाहेर जाणाऱ्या मोठ्या नळ्यांची मुळं, आणि आयएसएल-१ सारख्या खुणांवरून त्या ओळखताही येतात. यात काही वाद नाही. वाद एवढाच होता की मोठ्या माणसाच्या हृदयात अशा पेशी शिल्लक राहतात का, आणि अटॅकनंतर त्या नवा स्नायू बनवू शकतात का.

२००१ मधे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक पेपर आला. न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजमधले पिएरो अँव्हर्सा आणि सहकारी. त्यांनी अटॅक दिलेल्या उंदरांच्या हृदयात बोनमॅरोमधल्या सी-किट नावाची खूण असलेल्या पेशी सोडल्या आणि सांगितलं की थोड्याच दिवसांत मेलेल्या भागात नवा स्नायू तयार झाला. २००३ मधे ‘सेल’मधे पुढचा दावा आला, की अशा सी-किट पेशी प्रौढ हृदयातच राहतात आणि त्यातून स्नायू, रक्तवाहिन्या सगळं तयार होतं. मी तेव्हा शिकत होतो, आमच्या डिपार्टमेंटमधे त्या पेपरवर झालेली चर्चा मला अजून आठवते, कारण तोवर पुस्तकात एकच वाक्य होतं की हृदयाचे स्नायू जन्मानंतर वाढत नाहीत, आणि इथे कुणीतरी म्हणत होतं की दुरुस्तीचा माल आतच पडलेला आहे. आम्ही सगळ्यांनी ते मनापासून खरं मानलं होतं.

पण २००४ मधे ‘नेचर’नेच दोन वेगळ्या टीमचे पेपर छापले, एक सिएटलच्या चार्ल्स मरींचा आणि एक स्टॅनफर्डचा. दोघांनी बोनमॅरोच्या पेशी सोडून बघितल्या आणि त्या रक्ताच्याच पेशी राहिल्या, स्नायू झाल्या नाहीत. म्हणजे तुमच्या सेंटरवाल्यांचा जो मुख्य मुद्दा आहे, हाडातली पेशी हृदयाचा स्नायू होते, तो २००४ पासूनच उभा राहू शकलेला नाही. एक गोष्ट इथे सांगायला हवी, हृदयाचा स्नायू मायक्रोस्कोपखाली स्वतःच थोडा हिरवा चमकतो, आणि नव्या पेशी ओळखायला वापरायचा रंगही बरेचदा हिरवाच असतो, त्यामुळे बघणाऱ्याची फसगत व्हायला फार वेळ लागत नाही.

मग प्रश्न उरला हृदयातल्याच सी-किट पेशींचा. तो सुटला तो वंशावळ शोधण्याच्या पद्धतीनं, आणि ती पद्धत मला फार आवडते म्हणून सांगतो. उंदराच्या जीन्समधे असा बदल करायचा की ज्या पेशीनं आयुष्यात एकदा जरी सी-किट हे चिन्ह दाखवलं तिला कायमचा एक चमकणारा रंग लागतो, आणि तिच्या पोटी जन्मलेल्या सगळ्या पेशींनाही तोच रंग जातो. आपल्याकडे आडनाव जातं तसं. माणूस पुण्यात गेला, दुबईत गेला, धंदा बदलला, तरी आडनावावरून कुळ कळतं. मग अटॅकनंतर हृदय उघडून बघायचं की किती स्नायूपेशींना ते आडनाव आहे. सिनसिनाटीच्या जेफ्री मोल्केंटिन यांच्या टीमनं २०१४ मधे ते केलं. उत्तर आलं ०.०३ टक्के किंवा त्याहूनही कमी. म्हणजे दहा हजार स्नायूपेशींमधे तीन. बहुतेक सगळ्या सी-किट पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या निघाल्या. त्याआधी २००८ मधे माणसांच्या हृदयाच्या तुकड्यांत बघितलं होतं तेव्हा सी-किटवाल्या पेशी मास्ट सेल निघाल्या होत्या, म्हणजे ॲलर्जीत काम करणाऱ्या. पुढे शांघायच्या बिन झोऊ यांच्या टीमनं दोन खुणांची अजून काटेकोर पद्धत वापरली आणि प्रौढ हृदयात स्नायू नसलेल्या पेशींपासून नवा स्नायू होत नाही असंच दिसलं.

मग प्रौढ हृदयात नवा स्नायू अजिबात तयारच होत नाही का? होतो, पण फार थोडा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योनास फ्रिसेन यांच्या टीमनं २००९ मधे हे शोधून काढलं आणि कशावरून, तर अणुचाचण्यांवरून. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या स्फोटांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला, तो अन्नातून सगळ्यांच्या अंगात गेला, आणि पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएमधे कायम राहिलं. त्यावरून पेशीचं जन्मवर्ष काढता येतं. विशीतल्या माणसात वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत. आणि नंतरच्या कामातून दिसलं की त्या थोड्या नव्या पेशी येतात त्या असलेल्याच स्नायूपेशी दुभागून, कुठल्या लपलेल्या मूळ पेशीतून नाही. झेब्राफिश या माशाच्या हृदयाचा वीस टक्के भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो परत वाढतो, तिथेही हेच, जुनेच स्नायू विभागतात. पहिल्या दिवशीचं उंदराचं पिल्लूही हे करू शकतं, डॅलसमधे २०११ मधे ते दाखवलं, पण सातव्या दिवसापर्यंत ती ताकद संपलेली असते.

हे सगळं होईपर्यंत माणसांवर प्रयोग सुरू झालेले होते आणि इथे मला खरंच त्रास होतो. लुईव्हिलमधे अँव्हर्सांबरोबर सिपिओ नावाची ट्रायल झाली, २०११ मधे ‘लॅन्सेट’मधे आली. बायपासच्या वेळी उजव्या कानातून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या त्या टोकाला आम्ही कानच म्हणतो, छोटा तुकडा घेऊन त्यातून सी-किट पेशी वाढवल्या आणि काही महिन्यांनी साधारण दहा लाख पेशी नळीतून सोडल्या. ईएफ ३०.३ वरून चार महिन्यांत ३८.५ झाला असं छापलं. जगभर बातम्या आल्या. आता तुम्हीच हिशोब करा, मेल्या शंभर कोटी, सोडल्या दहा लाख, म्हणजे हजारात एक, आणि सोडलेल्यातल्या बहुतेक तर काही तासांतच रक्ताबरोबर वाहून जातात किंवा मरतात. हा हिशोब तेव्हा आम्ही कुणीच मोठ्यानं केला नाही. २०१४ मधे लॅन्सेटनं त्या पेपरबद्दल शंका जाहीर केली आणि २०१९ मधे तो मागे घेतला. २०१७ मधे बोस्टनच्या ब्रिगॅम हॉस्पिटलनं, जिथे अँव्हर्सा नंतर काम करत होते, आणि त्याच्या पालक संस्थेनं अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, कारण संशोधनाचं अनुदान चुकीच्या डेटावर घेतल्याचा आरोप होता. आणि ऑक्टोबर २०१८ मधे हार्वर्ड आणि ब्रिगॅमनं सांगितलं की अँव्हर्सांच्या तिथल्या लॅबमधून आलेले ३१ पेपर मागे घ्यावेत, त्यांत खोटा किंवा बनवलेला डेटा आहे. एवढ्या वर्षांत ज्या पेशंटनी विश्वास ठेवून स्वतःच्या हृदयात सुई टोचून घेतली आणि जी पोरं पीएचडीसाठी हाच विषय घेऊन बसली त्यांचं काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सगळं काम खोटं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. लॉस एंजेलिसच्या एदुआर्दो मार्बान यांनी कार्डिओस्फिअर नावाच्या वेगळ्या पेशी वापरल्या, हृदयाच्याच छोट्या तुकड्यातून वाढवलेल्या. २०१२ च्या त्यांच्या ट्रायलमधे व्रण थोडा कमी झालेला दिसला, ईएफमधे फरक नव्हता, त्यांनी ते तसंच छापलं. पुढे दुसऱ्या माणसाच्या पेशी वापरून मोठी ट्रायल केली तेव्हा व्रणही कमी झाला नाही आणि ती मधेच थांबवावी लागली. हेही त्यांनी छापलं. अमेरिकन सरकारच्या पैशानं चाललेली कॉन्सर्ट-एचएफ ही सी-किट पेशींची ट्रायल २०१८ च्या त्या प्रकरणानंतर थांबवून तपासली गेली, मग २०२१ मधे १२५ पेशंटचा निकाल आला. ईएफ वाढला नाही, व्रण कमी झाला नाही. काही गटांत परत ॲडमिट होण्यासारखे प्रकार कमी दिसले आणि जगणं थोडं सोपं झाल्याचं पेशंटनी सांगितलं, पण आकडे इतके छोटे होते की त्यावर कुणाला उपचार म्हणून विकता येईल असं काही नाही.

तुम्ही म्हणाल, की मग सेंटरवाले जे रिपोर्ट दाखवतात, आधी ३० नंतर ४०, ते खोटे का? बहुतेक वेळा रिपोर्ट खरेच असतात, आणि हेच सगळ्यात नीट समजून घ्या. अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या आजूबाजूचा बराच भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाला की तो काही आठवड्यांत जागा होतो. त्यात गोळ्यांचा परिणाम. त्यात एको करणारा बदलला तरी पाच टक्के इकडेतिकडे होतात. त्यामुळे दीड महिन्याला ३० असलेला ईएफ चार महिन्यांनी ३८ होणं हे पेशी न सोडताही होतं. जर्मनीत हॅनोव्हरला बूस्ट नावाची ट्रायल झाली होती, बोनमॅरोच्या पेशींची, ६० पेशंट. सहा महिन्यांनी पेशीवाल्यांचा ईएफ साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढला होता आणि बिनपेशीवाल्यांचा जेमतेम एका टक्क्यानं, सगळे खूश. अठरा महिन्यांनी बघितलं तर ठोस म्हणावा असा फरक उरलेलाच नव्हता. तुलनेचा गट नसता तर कुणाला कळलंच नसतं.

आणि २०२० मधे मोल्केंटिन यांच्याच टीमनं अजून एक गोष्ट दाखवली जी प्रत्येकानं वाचावी. उंदरांच्या जखमी हृदयात जिवंत पेशी सोडल्या, काहींत गोठवून मारलेल्या पेशी सोडल्या, आणि काहींत पेशीच नाही, झायमोसन म्हणजे यीस्टच्या कवचाचा अर्क सोडला. तिन्हीत हृदयाचं काम सारखंच थोडं सुधारलं. म्हणजे पेशी स्नायू बनत नव्हत्या, टोचल्यामुळे शरीराच्या सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तिथे धावून येत होत्या आणि व्रणाची घडण बदलत होती. यातून पुढे औषध निघू शकेल कदाचित. पण मग साडेतीन लाखांची मूळ पेशी कशाला लागते?

खरं काम आता दुसरीकडे सुरू आहे. हृदयात लपलेली पेशी शोधण्याऐवजी लॅबमधे स्नायू किंवा त्याची प्रोजेनिटर पेशी बनवायची, भ्रूणाच्या स्टेम सेलपासून किंवा जपानच्या यामानाकांच्या आयपीएस पद्धतीनं, म्हणजे मोठ्या माणसाच्या साध्या पेशीला परत स्टेम सेलसारखं करून, ज्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. पॅरिसचे फिलिप मेनाशे यांनी २०१४ पासून सहा पेशंटच्या हृदयावर अशा प्रोजेनिटर पेशींचं ठिगळ शिवलं. गाठी झाल्या नाहीत, ऱ्हिदम, म्हणजे ठोक्यांचा ताल, धोकादायक बिघडला नाही, पण बायपास त्याच वेळी केलेली असल्यामुळे फायदा कशानं झाला ते सांगता येत नाही आणि हे ते स्वतःच म्हणतात. ओसाकात योशिकी सावा यांच्या टीमनं २०२० च्या जानेवारीत आयपीएसपासून बनवलेल्या पातळ शीट पहिल्यांदा पेशंटवर बसवल्या. आणि जर्मनीच्या गटिंगेनमधून २०२५ मधे आलेला पेपर मला सगळ्यात आशादायक वाटतो, लॅबमधे वाढवलेल्या धडधडणाऱ्या स्नायूच्या पट्ट्या एका ४६ वर्षांच्या बाईच्या हृदयावर शिवल्या, तीन महिन्यांनी तिला नवं हृदय मिळालं तेव्हा जुनं काढून बघितलं तर तो नवा स्नायू जिवंत होता आणि त्यात रक्तवाहिन्याही शिरल्या होत्या. अडचणी मोठ्या आहेत. शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, आणि माकडांवर जिथे कोट्यवधी पेशी थेट टोचल्या तिथे काही आठवडे ऱ्हिदम वाईट बिघडलेले दिसलेत, कारण नवा स्नायू जुन्याच्या तालात लगेच येत नाही. हे काम बहुतांश ट्रायलच्याच टप्प्यातलं आहे, आणि कमरेच्या हाडातून काढलेल्या बोनमॅरोशी याचा काही संबंध नाही.

आपल्याकडचा नियमही सांगतो. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि बायोटेक्नॉलॉजी विभाग यांची २०१७ ची गाईडलाईन आहे, त्यात रक्ताच्या आणि तशा काही ठरलेल्या आजारांसाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळा स्टेम सेल वापर हा संशोधन धरलाय. म्हणजे ट्रायल म्हणूनच करायचा, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद करून, आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा सेंटरवाल्यांना फक्त सीटीआरआय नंबर मागा, आणि ट्रायल असेल तर पैसे कसले ते विचारा. आवाज चढवायची गरज नाही, शांतपणे विचारा आणि उत्तर लिहून मागा.

माझा एक पेशंट होता, रिटायर्ड शिक्षक. त्यांनी अशाच एका ठिकाणी पीएफमधले पैसे भरले. पैसे गेले ते गेले, पण तिथे कुणीतरी सांगितलं की आता नवा स्नायू येतोय, एवढ्या गोळ्या कशाला, आणि त्यांनी हळूहळू गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी रात्री दोन वाजता छातीत पाणी भरलेल्या अवस्थेत आले, सहा दिवस आयसीयूत होते. बरे होऊन घरी गेले पण जो ईएफ आधी गोळ्यांवर सावरत होता तो परत तिथवर कधी आला नाही. म्हणून पैशापेक्षा मला या गोष्टीची जास्त भीती वाटते.

बाबांसाठी आत्ता काय करायचं ते लिहितो. चार प्रकारच्या गोळ्या सुरू आहेत का ते त्यांच्या डॉक्टरांबरोबर बसून बघा: सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी एक, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, ही शेवटची शुगर नसली तरी चालते, हृदयासाठीच देतात. यांनी कप्पा ताणायचा थांबतो आणि बऱ्याच जणांचा ईएफ खरोखर वर येतो, हजारो पेशंटच्या ट्रायलमधे सिद्ध झालंय. पेटंट संपल्यामुळे यातल्या महागड्या गोळ्याही गेल्या काही वर्षांत खूप स्वस्त झाल्यात. बीपी, किडनी आणि पोटॅशियम बघत बघत डोस हळूहळू वाढवायचे असतात, ते डॉक्टरच करतील, पण ‘डोस अजून वाढवता येईल का’ हे प्रत्येक व्हिजिटला तुम्ही विचारायचं. स्टेंटसाठीच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. रोज सकाळी लघवीनंतर वजन करून वहीत लिहा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा रात्री झोपल्यावर दम लागून उठावं लागलं तर वाट न बघता फोन करा. तंबाखू, मिसरी, बिडी काय असेल ते बंद. लोणचं-पापड बंद. चालणं सुरू करा, आधी घरातल्या घरात, मग बांधापर्यंत, जवळ कार्डिॲक रिहॅब असेल तर नक्की लावा.

आणि अटॅकला तीन महिने झाले की परत एको, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच माणसाकडून. तेव्हाही ईएफ ३५ किंवा खाली राहिला तर आयसीडी नावाचं मशीन बसवायचं का हा विषय निघेल, ते ऱ्हिदम बिघडून अचानक मृत्यू होण्यापासून वाचवतं, आणि त्याला खरंच पैसे लागतात. बाग विकायची वेळ आलीच तर ती त्याच्यासाठी यावी, आणि त्याआधी सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या योजना काउंटरवर विचारून घ्या. एकोचा रिपोर्ट आला की आकडा मला कळवा, मी बघतो.